छापखाना नाशिकचा, शिक्का मुंबईचा

देशातल्या कुणाचाही पासपोर्ट घ्या. राजदूताचा मरून असो, सरकारी कामावर निघालेल्या अधिकाऱ्याचा पांढरा असो, की तुमच्याआमच्यासारख्यांचा गडद निळा. छापला जातो तो नाशिकरोडलाच. आत जन्मस्थळाचा रकाना असतो, पण तो मालकासाठी. पुस्तिकेच्या जन्मस्थळाची नोंद करायची पद्धत नाही. असती, तर लंडनपासून लिमापर्यंतच्या प्रत्येक इमिग्रेशन अधिकाऱ्याला नाशिकरोड हे नाव पाठ झालं असतं आणि आमच्या बिटको चौकाला थोडी आंतरराष्ट्रीय कळा आली असती.

इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची. तिच्या शेजारची करन्सी नोट प्रेस १९२८ ची. पासपोर्ट, व्हिसाचे स्टिकर, पोस्टाची तिकिटं, मुद्रांक आणि नोटा असा सगळा भारदस्त कागद या दोन कुंपणांच्या आत तयार होतो. नाशिकमध्ये कुणी ‘मी प्रेसमध्ये आहे’ म्हणालं तर त्याला बातमी देऊ नये. तो वार्ताहर नसतो. आता गावाच्या दुसऱ्या अंगाला या. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, १९६४ पासूनचा. तिथे मिग-२१ बनली, सुखोई बनली, २०२५ च्या ऑक्टोबरात तिथून तेजसही उडालं. ती मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाली, तरी आम्ही त्या वसाहतीला अजून ‘ओझर मिग’च म्हणतो.

म्हणजे परदेशी जायला लागणारा पासपोर्ट इथला, खर्चाच्या नोटा इथल्या, आणि अगदी हट्टच धरला तर विमानसुद्धा इथलं. परदेशात जाणारं नेहमीचं प्रवासी विमान तेवढं इथे नाही. ओझरला टर्मिनल आहे, जानोरीच्या बाजूला, चांगलं ऐसपैस. तिथून दिल्ली, हैदराबाद, गोवा अशी विमानं जातात. परदेशी कुणी गेलंच नाही असंही नाही. मध्यंतरी याच धावपट्टीवरून शेळ्यामेंढ्या मालवाहू विमानाने थेट शारजाला गेल्या. ना कसारा घाट, ना भिवंडीची कोंडी, ना रात्री दोन वाजता टॅक्सी. गंगापूर रोडला राहणाऱ्या आणि मुलगा शारजात असलेल्या एका गृहस्थांनी ती बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी घातली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत म्हणे. शेळ्यांनाही तब्येतीचा दाखला लागतो, कागदपत्रं लागतात, ते सगळं खरं. पण त्यांना मुंबईला जावं लागत नाही.

नाशिककराच्या पासपोर्टाचा प्रवास बघितला तर मालकाने मान खाली घालावी. ही पुस्तिका कोरी असताना नाशिकरोडहून निघते आणि मोठ्या पासपोर्ट कार्यालयात पोचते. तिथे तिच्यावर नाव-फोटो चढतो. मग स्पीड पोस्टाने ती परत नाशिकला येते. जेलरोडच्या माणसाने अर्ज केला असेल, तर जिथे ती छापली त्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पोस्टमन ती आणून देतो, सही घेतो आणि चहा नको म्हणतो. पुढे मालक तिला घेऊन मुंबईला जातो, कारण शिक्का मारणारा माणूस तिथे बसतो. मालकाने अजून देशाची वेस ओलांडलेली नसते आणि पासपोर्टाचं अर्धं आयुष्य रस्त्यात गेलेलं असतं.

आमचे मामा या प्रेसमधून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी पासपोर्टाच्या गठ्ठ्यांत काढली. नेमकं काय काम करत होते ते आम्हाला आजही माहीत नाही. मामी संध्याकाळी विचारायच्या, “आज काय केलंत?” मामा म्हणायचे, “काम.” यापलीकडे माहिती घरात आली नाही. जाता-येता झडती द्यायची सवय मात्र अंगात इतकी मुरली आहे की मॉलच्या दारात, देवस्थानाच्या रांगेत, एकदा तर साध्या लग्नाच्या हॉलमध्ये अत्तर लावणाऱ्या मुलापुढे मामांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

कुणीही परदेशाहून आलं की मामा पासपोर्ट बघायला मागतात. पाहुणा उत्साहाने जपानचा व्हिसा, दुबईचा शिक्का दाखवायला जातो. मामा ती पानं उलटून पुस्तिकेची शिलाई बघतात. कव्हर चिमटीत धरतात, पान उन्हाकडे धरतात, ‘हं’ म्हणतात आणि परत देतात. आता चिप बसवलेला ई-पासपोर्ट आला, कव्हरवर खाली छोटं सोनेरी चिन्ह असलेला. पहिला दिसला तेव्हा मामांनी तो कानाशी धरून पाहिला.

मामांकडे स्वतःचा पासपोर्ट नाही. कधीच नव्हता. “पेढेवाला स्वतःचे पेढे खातो का?” असं त्यांचं म्हणणं. दुसरं कारण मामी सांगतात: ज्या वस्तूचे गठ्ठे आपण मोजले ती वस्तू आता टोकन घेऊन, रांगेत बसून, बोटांचे ठसे देऊन मागायची, हे त्यांना जमणारं नाही.

मामांना परदेशाची आवड नाही असं समजू नका. ओझरहून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा ते हौसेने जाऊन आले आणि आल्यावर सांगू लागले की आपण परदेशात जाऊन आलो, फक्त जरा उशिरा. हिशेबाने ते खरं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा पोर्तुगालचा होता. रेल्वेने जाणाऱ्यांना कॅसलरॉकला सामान उघडून दाखवावं लागे. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ उभारला, स्वतःची विमान कंपनीही काढली, आणि ती विमानं भारताला टाळून दमण, दीव, कराची अशी हिंडत. म्हणजे एके काळी दाबोळीहून कराचीला जाता येत होतं आणि सावंतवाडीच्या माणसाला पलीकडच्या पेडण्यातल्या मावशीकडे जायला परवाना लागत होता. कोकणी माणसाला त्यातल्या पळवाटा माहीत होत्या, आणि मावशीलाही.

मामींना मात्र खरोखरीचा परदेश घडला. आमची मामेबहीण स्वित्झर्लंडात बासेलला असते, औषधांच्या कंपनीत. तिने आईला बोलावलं. मामींचा पासपोर्ट निघाला. दहावीचं प्रमाणपत्र जोडून. यात एक गंमत आहे. १९८३ च्या कायद्याने, दहावी न झालेला माणूस कामासाठी आखातासारख्या ठरावीक अठरा देशांत निघाला तर त्याला आधी सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावी झालेल्याला लागत नाही. मामी आखातात नोकरीला निघाल्या नव्हत्या, पण मॅट्रिकच्या त्या कागदाचा अखेर कुणालातरी उपयोग झाला या आनंदात त्यांनी त्याच्या चार प्रती काढल्या.

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या माणसाचं विमान जमिनीवरच सुरू होतं. विमान कंपनी म्हणते तीन तास आधी या. त्यात नाशिककर कसारा घाटाचा एक तास धरतो, भिवंडीचे दोन, टायर पंक्चरचा एक, आणि घरातलं वडीलधारं माणूस ‘असू द्या’ म्हणून आणखी दोन घालतं. पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीचं जेवण लवकर उरकून निघायचं, ही आमची रीत. नाशिकच्या द्वारका चौकात टॅक्सीवाल्याला बॅगांचा आकार बघूनच कळतं की हे मुंबईच्या सहार विमानतळाला जायचं गिऱ्हाईक. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि घाट टळला. वाचलेला वेळ आमणेनंतर ठाण्यापर्यंत व्यवस्थित वापरला जातो.

पूर्वी मुंबईत देशी विमानं सांताक्रूझला आणि परदेशी सहारला असा साधा सोवळ्याओवळ्याचा मामला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये टर्मिनल दोन सुरू झालं आणि पुढे बरीच देशी विमानंही त्याच छताखाली आली. इंदूरला निघालेला आणि इस्तंबूलला निघालेला एकाच दारातून आत जातात, त्या मोरपिसासारख्या छताकडे सारखीच मान वर करून बघतात आणि मग वेगवेगळ्या रांगांना लागतात. परदेशी रांगेच्या शेवटी एक काउंटर येतं. भारताची सीमा म्हणून आपण शाळेत नकाशावर जी ठळक रेघ गिरवली, ती नाशिककरापुरती इथे असते. अधिकारी फोटो बघतो, तोंड बघतो, पुन्हा फोटो बघतो. पूर्वी इथे एक फॉर्मही भरून द्यावा लागे. तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला. त्यामुळे ‘जरा पेन देता का?’ हे परदेश प्रवासातलं पहिलं वाक्य नव्या पिढीला माहीत नाही.

“कहाँ जा रही हैं?” मामींना विचारलं.

“लेकीकडे.”

“कौनसा देश?”

“बासेल.”

शिक्का पडला. मामींनी पलीकडे जाऊन लगेच फोन लावला.

“अहो, मी भारताबाहेर आले.”

“इतक्यात? कुठे आहेस?”

“अंधेरीतच.”

मामा बाहेर रस्त्यापलीकडे टॅक्सीपाशी उभे होते. खिशात मामींचा वाचायचा चष्मा होता. दोघांमधलं अंतर फार नसेल, हाक मारली तर जवळजवळ ऐकू जावी इतकंच. पण चष्मा देशात होता आणि मामी कागदोपत्री नव्हत्या. तो आणायला परत यायचं तर मारलेला शिक्का रद्द करून घ्यावा लागतो असं कुणीतरी सांगितलं. मामी बिनचष्म्याच्या गेल्या. विमानातला जेवणाचा कागद शेजारच्या जर्मन बाईंनी वाचून दाखवला आणि मामींनी त्या बाईंना शंकरपाळे दिले, असा तो पहिला आंतरराष्ट्रीय करार.

युरोपात पोचल्यावर विमानतळावर एकदा पासपोर्ट बघितला गेला आणि मग कुणी बघेचना. लेकीने चार दिवस रोमला नेलं. विमान बदललं, देश बदलला. रोमला उतरल्यावर मामी पासपोर्ट उघडून, फोटोचं पान वर करून उभ्या. बघायला कुणी नाही. “आई, चल.” “अगं, कुणालातरी दाखवून टाकू, नंतर म्हणतील दाखवला नाही.” लेकीने समजावलं की हे शेंगेन आहे. लक्झेंबर्गमधल्या या नावाच्या गावी मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर १४ जून १९८५ ला पाच देशांनी सह्या केल्या, आणि दहा वर्षांनी, १९९५ च्या मार्चात, खरोखरच आपापसातल्या चौक्या उठवायला सुरुवात केली. आता त्यात एकोणतीस देश आहेत. विमानतळांची मात्र पंचाईत झाली. फ्रान्सहून जर्मनीला आलेला माणूस आता परदेशी राहिला नाही, आणि त्याच दाराला लागलेल्या मुंबईच्या विमानातला आहे. मग काचेच्या भिंती आल्या, वेगळे जिने आले. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर तर एका धक्क्याला दोन मजले केले, वर शेंगेनवाले, खाली बाकीचे. आपल्याकडे कार्यालयात वरच्या पंगतीला वऱ्हाडी आणि खालच्या पंगतीला गाववाले बसतात, त्यात निदान वाढपी तरी एक असतो.

खरी मजा रोमहून परतताना झाली. बासेलचा विमानतळ बासेलमध्ये नाही, फ्रान्समध्ये आहे. स्वित्झर्लंडला जागा नव्हती, फ्रान्सकडे होती. १९४६ मध्ये धावपट्टी झाली, १९४९ मध्ये दोन देशांनी करार केला, आणि फ्रान्सच्या जमिनीवरून बासेलपर्यंत एक कुंपण घातलेला रस्ता काढला. टर्मिनलला दोन बाजू. एका दाराने बाहेर पडलात तर स्वित्झर्लंड, दुसऱ्याने पडलात तर फ्रान्स. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने पासपोर्ट कुणी विचारत नाही, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, म्हणून जकातीची भिंत शिल्लक आहे. लेक बॅगांच्या पट्ट्याशी थांबली, मामी गर्दीबरोबर पुढे गेल्या आणि बाहेर पडल्या. जावईबापू पलीकडच्या बाजूला गाडी घेऊन उभे.

“आई, तू कुठे आहेस?”

“दारातच आहे. पण जावई दिसत नाहीत.”

“आजूबाजूला काय लिहिलंय?”

“चष्मा नाशिकला आहे.”

मामी फ्रान्समध्ये होत्या. त्यांना परत आणायला अर्धा तास लागला. नंतर भिशीत मात्र त्यांनी रोमबरोबर पॅरिसही झालं असं सांगितलं, आणि तसं म्हटलं तर फ्रान्सला पाय लागलेच होते.

मला या बासेलचं कौतुक वाटलं नाही, कारण आमच्या नाशिक विभागात नवापूर आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं हे रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत बसलं आहे. सीमा फलाटाच्या मधून जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाक तर असा आहे की त्याचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात. नवराबायको त्यावर शेजारी बसून भांडले तर तो आंतरराज्य वाद होतो. तिकीट महाराष्ट्रात काढून माणूस स्वच्छतागृहासाठी गुजरातेत जातो आणि गाडी यायच्या आत परत येतो. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. त्या संपेस्तोवर गाडी येऊन उभी राहते. बासेलचे लोक पलीकडे फ्रान्समध्ये जाऊन स्वस्त मटण आणतात, माणशी एक किलोपर्यंत माफ, त्यापुढे जकात. नवापुरात गुजरातच्या बाजूला दारूला बंदी आणि महाराष्ट्राच्या बाजूला २०१२ पासून गुटख्याला. त्यामुळे फलाटावर कोणता खिसा कोणत्या राज्यात आहे याचं भान ठेवावं लागतं. एवढं असून ना करार, ना कुंपण, ना तीन-तीन संकेतांक. बासेलच्या विमानतळाला तीन अक्षरी संकेतांक तीन आहेत. नवापूरने कधी गवगवा केला नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण असे मोकळे नाही. कागदाचा इतिहास काढला तर पुन्हा नाशिकरोडच समोर येतं. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची पोस्टाची तिकिटं नव्हती. सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा ठसा मारून ती १ ऑक्टोबर १९४७ ला तिकडे चालू झाली, आणि तो ठसा मारला नाशिकच्या प्रेसने. तिकिटं जमवणारे आजही त्याला ‘नासिक ओव्हरप्रिंट’ म्हणतात. पुढच्या वर्षी नोटांचंही तेच. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव घालून त्या इथूनच छापून गेल्या. वाटण्या झाल्यावर थोरल्याने धाकट्याच्या भांड्यांवर नावं घालून द्यावीत, तसं हे. त्यानंतर १९४८ मध्ये दोघांत परमिट आलं, १९५२ मध्ये पासपोर्ट. बांगलादेशासाठी तर बरीच वर्षं एक वेगळाच पासपोर्ट मिळे, जो फक्त त्या एका देशात चालायचा. तो २०१३ मध्ये बंद झाला.

नेपाळचा कागदी पैसासुद्धा इथलाच. १९४५ साली नेपाळने पहिल्यांदा नोटा काढल्या, त्या नाशिकरोडला छापून काठमांडूला गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी घातली, तेव्हा मामांनी दोन दिवस अबोला धरला होता. नेपाळशी आपला ३१ जुलै १९५० चा मैत्रीचा करार आहे आणि भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. नाशिकरोडहून गोरखपूरच्या गाडीत बसायचं, पुढे सुनौलीला उतरायचं आणि कमानीखालून चालत पलीकडे. बॅग डोक्यावर, भेळ हातात. कुणी विचारत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं की परदेशगमन संपलं. भूतानला घड्याळ अर्धा तास पुढे, शिवाय तिथे आता भारतीयांनाही रात्रीला बाराशे रुपये द्यावे लागतात, म्हणून आमच्या भागातले भाविक पशुपतिनाथाचं नाव आधी घेतात.

पण तेच काठमांडू विमानाने गाठायचं म्हणा, की सख्खा शेजारी एकदम परका होतो. टर्मिनल आंतरराष्ट्रीय, काउंटर आंतरराष्ट्रीय, शिक्का आंतरराष्ट्रीय. पूर्वी एवढं नव्हतं. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून या मार्गावर भारतीयांना आणि नेपाळींना ओळखपत्र सक्तीचं झालं. काठमांडूहून परतताना तर सगळ्या तपासण्या उरकल्यावर विमानाच्या शिडीपाशी आणखी एकदा झडती होते. त्याला कारण आहे, तक्रार नाही. गंमत आहे ती ओळखपत्रांच्या यादीत. भारतीयाने पासपोर्ट दाखवावा, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. पण वय पासष्टच्या वर किंवा पंधराच्या आत असेल, तर आधार चालतं, पॅन चालतं, वाहन परवाना, अगदी रेशनकार्डही चालतं. पंधरा ते अठराच्या मुलांना मुख्याध्यापकांचा दाखला. म्हणजे आजी आणि नातू आधारवर हसतखेळत निघतात, थोरली नात शाळेच्या ऑफिसात शिक्क्यासाठी ताटकळते आणि ज्यांनी तिकिटं काढली ते आईबाप कपाटात मतदार कार्ड शोधत बसतात. ज्या वयात माणूस स्वतःची ओळख विसरायला लागतो, तिथून पुढे सरकारचा त्याच्यावर विश्वास बसतो.

मामा चौसष्ट वर्षांचे आहेत.

पशुपतिनाथाला जायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून आहे. पासपोर्ट काढणार नाहीत, हे ठरलेलं. मतदार ओळखपत्र होतं, पण ते पँटच्या खिशातून धुण्यात गेलं. नाव-गाव वाचता येतं, फोटोच्या जागी नाशिकचा पावसाळी आकाशखंड दिसतो. नवं काढा म्हटलं तर मामा म्हणतात, मतदान केंद्रावर मला सगळे ओळखतात. मग मामींनी नियमातली एक वाट शोधून काढली. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेला दुसरा पुरावा आणि नात्याचा पुरावा चालतो, जसं रेशनकार्ड. मामींकडे पासपोर्ट आहे, चांगला शिक्के पडलेला. “माझ्याबरोबर चला,” मामी म्हणाल्या.

मामांनी रेशनकार्ड काढून पाहिलं. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. कार्डावर वर मामी, खाली मामा. नात्याच्या रकान्यात ‘पती’. म्हणजे काउंटरवर मामी पासपोर्ट दाखवणार, आणि अधिकारी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बोट करून विचारणार, हे कोण? मग रेशनकार्ड उघडून सिद्ध करायचं की हे यांचे आहेत.

“त्यापेक्षा मी थांबतो,” मामा म्हणाले.

आता ते पासष्ट पूर्ण व्हायची वाट बघताहेत. ‘पासष्टच्या वर’ म्हणजे पासष्ट पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून की सहासष्ट पूर्ण झाल्यावर, यावर त्यांनी दोन निवृत्त सहकारी आणि एका वकिलाचं मत घेतलं. तिघांची मतं तीन आली, म्हणून तारीख सावधपणे दोन महिने पुढची धरली आहे. मी म्हटलं, “मामा, एवढा खटाटोप कशाला? गोरखपूरच्या गाडीने जा, सुनौलीला कुणी काही बघत नाही.”

मामा म्हणाले, “तेच तर नको आहे. विमानानेच जायचं. सहारच्या त्या काउंटरवर उभं राहायचं, तो म्हणेल पासपोर्ट, आणि मी म्हणेन, छापले भरपूर, लागत नाही. आणि आधार पुढे करायचं.”

मामींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, “आधारवरचा फोटो एकदा बघून घ्या.”